‘ळ’चा ‘य’ : सी भाषेतील कंडिशनल ऑपरेटर, अक्षरांचे अंकमूल्य आणि खानदेशची बोली

जळगाव आणि धुळे ह्या खानदेशातील दोन्ही प्रमुख नगरांच्या नावांत ‘ळ’ हा वर्ण आहे. एरवी हा तपशील योगायोग म्हणून सोडून देता आला असता; परंतु ज्या प्रदेशाच्या बोलींत ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो, त्याच प्रदेशाच्या नगरनामांत तो ठाण मांडून बसावा, ह्यात थोडी मौज आहे. अहिराणीत व लेवा गणबोलीत ‘डोळा’चा ‘डोया’, ‘काळा’चा ‘काया’, ‘केळी’ची ‘केयी’ होते. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) खानदेशी बोलीला भिल्ली बोलींच्या सोबत स्थान मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०६ मध्ये, जुन्या खानदेश जिल्ह्याची पूर्व व पश्चिम अशी वाटणी झाली होती, आणि तीतूनच पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे आजच्या नावांनी ओळखले जाऊ लागले. जळगावजवळच्या असोदे येथील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्यावर हा ‘य’ साऱ्या महाराष्ट्राच्या कानांवर पडला. १९९० मध्ये जळगाव येथे स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये ह्याच कवयित्रीचे नाव देण्यात आले.

ह्या ध्वनिनियमाचे सी भाषेत रूपांतर करावयाचे झाले तर ते एका ओळीत होते. ‘वर्ण’ ह्या चलात एक अक्षर आहे असे धरले, तर

वर्ण == 'ळ' ? 'य' : वर्ण

ही पदावली पुरेशी आहे. प्रश्नचिन्हाच्या डावीकडे अट, प्रश्नचिन्ह व विसर्गचिन्ह ह्यांच्या मध्ये अट खरी ठरल्यास घ्यावयाचे मूल्य, आणि विसर्गचिन्हानंतर अट खोटी ठरल्यास घ्यावयाचे मूल्य. ह्यालाच कंडिशनल ऑपरेटर म्हणतात. तीन पदे घेणारा सीमधील हा एकमेव ऑपरेटर असल्यामुळे वर्गात त्याचे ‘टर्नरी’ हेच नाव अधिक रूढ आहे. नियम सोपा, ओळ आखूड, अर्थ उघड. असे असूनही ही ओळ दीर्घकाळ बहुसंख्य यंत्रांवर चुकीचे उत्तर देत असे, आणि आजही ती जशीच्या तशी लिहिली तर बहुतेक ठिकाणी चुकीचेच उत्तर देईल. ह्याचे कारण प्रश्नचिन्हात नाही. ते अवतरणचिन्हांत आहे. परंतु ही दोन्ही चिन्हे सीमध्ये एकाच घराण्याच्या वारशातून आली असल्यामुळे त्या घराण्याचा इतिहास प्रथम पाहणे इष्ट होय.

अट आणि मूल्य ह्यांची एकाच पदावलीत सांगड घालण्याची कल्पना जॉन मॅकार्थी ह्यांची. १९५७ मध्ये वापरात आलेल्या फोर्ट्रान भाषेत अट होती, पण ती केवळ उडी मारण्यासाठी : राशी ऋण असल्यास अमुक ओळीवर जा, शून्य असल्यास तमुक, धन असल्यास तिसऱ्या. १९५७–५८ च्या सुमारास बुद्धिबळातील नियमसंमत चाली शोधण्याचे प्रोग्रॅम लिहीत असता मॅकार्थी ह्यांना ही रचना जाचक वाटू लागली. त्यांनी फोर्ट्रानमध्येच एक फलन तयार केले. पहिले पद शून्य आहे की नाही हे पाहून ते उरलेल्या दोहोंपैकी एक मूल्य परत देई. सोय झाली, परंतु तिच्यात एक खोट राहिली. फलनाला हाक मारण्यापूर्वी त्याची सर्व पदे मोजली जात; म्हणजे जे मूल्य टाकून द्यावयाचे, तेही आधी काढून ठेवावे लागे. टाकून द्यावयाच्या मूल्याची आकडेमोड निव्वळ वेळखाऊ असेल तर फारसे बिघडत नाही; पण जे फलन स्वतःलाच पुन्हा हाक मारते, त्याच्या बाबतीत ही आकडेमोड कधी संपतच नाही. ह्या अनुभवातूनच खरी सशर्त पदावली जन्मास आली : तिच्यात अट आधी तपासावयाची आणि निवडलेली शाखाच तेवढी मोजावयाची. १९६० च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या लिस्पविषयक निबंधात मॅकार्थी ह्यांनी ती बाणाच्या चिन्हाने मांडली. आल्गोल ६० च्या समितीचे ते एक सदस्य होते, आणि त्या भाषेतही सशर्त पदावलीस ‘जर–तर–नाहीतर’ अशा शब्दांनी प्रवेश मिळाला.

इंग्लंडात क्रिस्टोफर स्ट्रेची व त्यांचे केंब्रिज आणि लंडन येथील सहकारी ह्यांनी आखलेल्या सीपीएल भाषेने (१९६३) बाण कायम ठेवला आणि दोन पर्यायांमध्ये स्वल्पविराम घातला. मार्टिन रिचर्ड्‌स ह्यांच्या बीसीपीएलमध्ये (१९६७) तीच खूण आली. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन ह्यांनी १९६९–७० मध्ये बीसीपीएल आटवून बी ही भाषा बनविली, आणि तीत बाण व स्वल्पविराम जाऊन त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह व विसर्गचिन्ह आले. डेनिस रिची ह्यांनी १९७१ पासून पुढे बीचे रूपांतर सीमध्ये करताना ही चिन्हे तशीच ठेवली. सांगावयाचे तात्पर्य असे की, सीच्या विद्यार्थ्याला ‘जर–नाहीतर’चा निव्वळ संक्षेप म्हणून जी खूण शिकविली जाते, ती वंशाने त्या विधानाची संतती नव्हे. विधान कृती घडविते. ही पदावली मूल्य देते. पाठ्यपुस्तकांतून हा भेद पुष्कळदा पुसला जातो, आणि मग मूल्य म्हटले की त्याला प्रकार असणार, ही गोष्टही विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही. अक्षरांच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट आड येते.

बीसीपीएल व बी ह्या भाषांत प्रकार असा नव्हताच. यंत्राचा एक शब्द, म्हणजे ठराविक लांबीची बिटांची ओळ, एवढीच एक वस्तू त्यांना ठाऊक होती. तिला संख्या मानावयाचे, पत्ता मानावयाचे की अक्षर, हे तिच्यावर होणाऱ्या क्रियेवरून ठरे. टॉम्प्सन ह्यांचे प्रारंभीचे पीडीपी-७ यंत्र अठरा बिटांच्या शब्दांचे होते. एका शब्दात एकापेक्षा अधिक अक्षरे मावत, म्हणून बीमध्ये एकेरी अवतरणचिन्हांत एकाहून अधिक अक्षरे लिहिण्याची मुभा होती, आणि ती सारी मिळून एकच संख्या होई. ब्रायन कर्निगन ह्यांनी बीसाठी लिहिलेल्या पाठात जगाला नमस्कार करणारे सुप्रसिद्ध वाक्य चार-चार अक्षरांचे तुकडे करून अशाच स्थिरांकांत भरलेले आढळते. ही जुनी मुभा ध्यानात ठेवावी; मराठीच्या संदर्भात ती पुढे अनपेक्षितपणे पुन्हा भेटते.

पीडीपी-११ ह्या यंत्रात प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता. त्यावर बीची शब्दनिष्ठ पद्धत अडखळू लागली; एकेक अक्षर उचलण्यासाठी शब्द फोडून पुन्हा जोडावे लागत. रिची ह्यांनी भाषेत प्रकार आणले ते मुख्यत्वे ह्या अडचणीवर तोडगा म्हणून, आणि त्या पहिल्या प्रकारांत ‘कॅरेक्टर’ हा एक होता. पण नाव अक्षराचे असले तरी वस्तू एक लहान पूर्णांकच राहिली. अवतरणचिन्हांतील अक्षर-स्थिरांकाचा प्रकार तर कॅरेक्टरही नव्हे. सीमध्ये तो सरळ पूर्णांक आहे. कंडिशनल ऑपरेटरच्या दोन शाखांत अक्षरे घातली तरी दोहोंची आधी पूर्णांकांत बढती होते व फलही पूर्णांकच निघते. सीमध्ये हे सहसा जाणवत नाही, कारण छापताना अक्षर हवे की आकडा हे छापणाऱ्या फलनाला वेगळे सांगावे लागते. सी++ मध्ये मात्र अक्षर-स्थिरांक कॅरेक्टर प्रकाराचा आहे. तेथे एका शाखेत अक्षर व दुसऱ्या शाखेत शून्य घालून फल छापावयास दिले, की रोमन लहान ‘ए’च्या जागी पडद्यावर ९७ उमटते. जावाने ह्याविषयी आणखी निराळा नियम केला : पूर्णांक स्थिर असून अक्षराच्या मर्यादेत मावणारा असेल तर फल अक्षर, चल असेल तर फल पूर्णांक. तीन भाषांत एकच चिन्ह, आणि अक्षरांपुरते त्याचे वर्तन तीन तऱ्हांचे.

कर्निगन व रिची ह्यांच्या १९७८ च्या ग्रंथात दुसऱ्या प्रकरणात मोठे रोमन अक्षर लहान करण्याचे एक छोटे फलन आहे, आणि पुढे एका उदाहरणात तेच फलन कंडिशनल ऑपरेटर वापरून पुन्हा लिहिण्यास सांगितले आहे. भारतातील महाविद्यालयांत सी शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांच्या हाताखालून ह्या ना त्या रूपात हे उदाहरण गेले आहे, आणि जळगाव-धुळ्याच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनाही ते अपरिचित असण्याचे कारण नाही. अक्षर मोठ्या ‘ए’पासून मोठ्या ‘झेड’पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर त्यात मोठ्या-लहान अक्षरांतील अंतर मिळवा, नसेल तर अक्षर तसेच ठेवा. आस्कीत मोठा ‘ए’ ६५, लहान ‘ए’ ९७, अंतर ३२, पट्टा सलग. ग्रंथकारांनी तेथेच प्रामाणिकपणे बजावले आहे की, ही युक्ती आस्कीपुरती खरी आहे. आयबीएमच्या एब्‌सिडिकमध्ये रोमन वर्णमाला तीन तुकड्यांत विभागलेली आहे. मधल्या फटींत इतर चिन्हे बसतात. तेथे महिरपी कंसाचे बंद चिन्ह २०८ वर, म्हणजे मोठ्या ‘आय’ व मोठ्या ‘जे’ ह्यांच्या मध्ये येते, आणि पट्ट्याची अट त्यालाही अक्षर समजते. अक्षर म्हणजे संख्या, आणि वर्णमाला म्हणजे संख्यांचा सलग पट्टा, ह्या दोन गृहीतांपैकी दुसरे असे जन्मतःच डळमळीत होते. पहिले मात्र कोणाला खटकले नाही.

त्याच ग्रंथात आणखी एक इशारा आहे. पीडीपी-११ वर कॅरेक्टरमधील बाइट उचलून पूर्णांकात नेताना त्याचा सर्वांत डावा बिट चिन्ह म्हणून पसरतो, त्यामुळे कॅरेक्टरची मर्यादा उणे १२८ ते १२७ अशी पडते. इतर काही यंत्रांवर ती ० ते २५५ असते. भाषेने दोन्ही मान्य केले. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणकाने व १९९० च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकानेही हा प्रश्न कंपायलरवरच सोपविला. रोमन अक्षरांचे त्यात काहीच बिघडत नव्हते, कारण ती सगळी १२७ च्या आत आहेत. बिघडले ते १२७ च्या पलीकडे वसतीस आलेल्यांचे.

आणि देवनागरी वसली ती तेथेच. भारतीय लिप्यांसाठीचा इस्की हा संकेत १९८० नंतरच्या दशकात आकारास आला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. त्याने आस्कीचा खालचा अर्धा भाग न हलविता वरच्या अर्ध्यात १६१ पासून भारतीय वर्ण बसविले. ‘क’ला १७९, ‘य’ला २०५, ‘ळ’ला २१०, ‘ह’ला २१६. योजना अत्यंत विचारपूर्वक होती. स्वरचिन्हे वेगळी, व्यंजन वेगळे. ‘डोळा’ म्हणजे ड, ओकाराची खूण, ळ, काना असे चार संकेत. त्यामुळे ‘ळ’चा एक संकेत बदलून ‘य’चा घातला की काना जागच्या जागी राहतो आणि ‘डोया’ आपोआप तयार होते. बोलीचा ध्वनिनियम व्यंजनाला लागतो आणि इस्कीही व्यंजनच साठवितो. म्हणून वरील एका ओळीचा नियम सिद्धान्ततः निर्दोष ठरतो. मराठी लिपीचे व्याकरण जाणणाऱ्यांनी हा संकेत केला, ह्याचा हा पुरावाच म्हणावयाचा.

व्यवहारात काय होई ते पाहण्याजोगे आहे. पीसीवरील बहुतेक सी कंपायलर कॅरेक्टर चिन्हयुक्त मानीत. इस्कीत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये अवतरणचिन्हांत ‘ळ’ घातला की त्याचा २१० हा बाइट प्रथम कॅरेक्टर म्हणून वाचला जाई, म्हणजे उणे ४६ होई, आणि नंतर पूर्णांकात जाताना उणे ४६ च राही. दुसऱ्या बाजूस, फाइलमधून एकेक अक्षर वाचणारे प्रमाण फलन मात्र बाइट चिन्हरहित मानून पूर्णांक देते. ते २१० देई. आता तुलना कोणाची? २१० आणि उणे ४६ ह्यांची. अट खोटी, ‘ळ’ तसाच पुढे जाई. फाइलमध्ये ‘ळ’ आहे, प्रोग्रॅममध्ये ‘ळ’ आहे, डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, आणि यंत्र दोन्ही वेगळे असल्याचे शपथेवर सांगते. वाचलेले अक्षर पूर्णांकाऐवजी कॅरेक्टर प्रकारच्या चलात ठेवले तर तेही उणे ४६ होऊन तुलना जुळे. पण मग अक्षर १६१ किंवा त्यापुढचे आहे काय अशी पट्ट्याची अट घातली की ती कधीच खरी होत नसे, कारण त्या चलात १२७ पेक्षा मोठे काही मावतच नव्हते. एक चूक दुरुस्त करावी तर दुसरी उभी राहावी, असा हा प्रकार होता. उपाय एका शब्दाचा : बाइटला सर्वत्र चिन्हरहित कॅरेक्टर म्हणावयाचे. परंतु रोमन लिपीवर बेतलेल्या पुस्तकातून शिकलेल्याला तो शब्द सुचण्याचे कारण नव्हते, कारण पुस्तकातील प्रत्येक उदाहरण त्या शब्दावाचून बरोबर चाले. अजूनही इंटेलच्या वंशातील यंत्रांवर कॅरेक्टर सामान्यतः चिन्हयुक्त, तर लिनक्सखालील एआरएम यंत्रांवर सामान्यतः चिन्हरहित असतो. त्यामुळे एकच प्रोग्रॅम एका यंत्रावर ‘डोया’ देतो आणि दुसऱ्यावर ‘डोळा’ तसाच ठेवतो.

ह्याच काळात छपाईच्या व्यवहारात इस्कीहून निराळी एक परंपरा वाढत होती. तिचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. टंकलेखन यंत्राच्या कळांवर बेतलेल्या कृतिदेवसारख्या फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्याच जागी बसविले गेले. तेथे लहान ‘डी’च्या जागी ‘क’ आणि मोठ्या ‘डी’च्या जागी अर्धा ‘क्’ आहे. अशा मजकुरावर कर्निगन–रिची ह्यांचे ते उदाहरण चालविले तर मोठे अक्षर लहान होते, म्हणजे अर्ध्या ‘क्’चा पूर्ण ‘क’ होतो. जोडाक्षरे फुटून ‘पक्का’चे ‘पकका’ होते. प्रोग्रॅमने आपले काम बिनचूक केलेले असते. मराठीला मोठी-लहान अक्षरे नाहीत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

१९९१ च्या ऑक्टोबरात यूनिकोडचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेला आहे, म्हणून वर्णांचा अनुक्रम तोच राहिला : ‘य’ २३५१, ‘ळ’ २३५५. ह्या मोठ्या संख्या बाइटांत बसविण्याची आज सर्वत्र रूढ असलेली रीत, यूटीएफ-८, १९९२ च्या सप्टेंबरात दोघांनी आखली : रॉब पाइक आणि केन टॉम्प्सन. ज्यांनी सीच्या वंशात प्रश्नचिन्ह व विसर्गचिन्ह ह्यांची जोडी आणली तेच हे टॉम्प्सन. बावीस-तेवीस वर्षांच्या अंतराने एकाच माणसाच्या हातून ह्या प्रस्तुत ओळीचे दोन्ही घटक, अट मांडण्याची खूण आणि ‘ळ’ साठविण्याची पद्धत, निघाले. आणि तरीही ते एकमेकांशी जुळत नाहीत.

जुळत नाहीत ते अशामुळे. यूटीएफ-८ मध्ये ‘ळ’ एका बाइटात राहत नाही. त्याचे तीन बाइट होतात : २२४, १६४, १७९. ‘य’चे २२४, १६४, १७५. पहिले दोन बाइट दोहोंचे सारखेच आहेत. भेद फक्त तिसऱ्यात. (‘ळ’चा हा तिसरा बाइट इस्कीतील ‘क’ होय, जुन्या व नव्या फाइलींची सरमिसळ झाली की जो विचित्र मजकूर दिसतो त्याचे मूळ अशा ठिकाणी असते.) आता एकेरी अवतरणचिन्हांत ‘ळ’ लिहिला की कंपायलरला तेथे एक अक्षर दिसत नाही, तीन बाइट दिसतात, आणि बीच्या काळापासून चालत आलेल्या मुभेनुसार तो ती तीन अक्षरे मानून त्यांची एकच संख्या बनवितो. ती संख्या कशी बनवावी हे प्रमाणकाने कंपायलरवर सोडले आहे. जीसीसी तीनही बाइट एकापुढे एक ठेवून १,४७,२२,२२७ हे मूल्य काढतो. फाइलमधून येणारा बाइट २५५ च्या वर जाणे शक्य नाही. म्हणजे ही अट चिन्हयुक्त यंत्रावरही खोटी, चिन्हरहित यंत्रावरही खोटी, सदासर्वदा खोटी. कंपायलर फार तर एक सूचना देतो, आणि प्रोग्रॅम मुकाट्याने मूळ मजकूर जसाच्या तसा उतरवितो. पीडीपी-७ च्या अठरा बिटांच्या शब्दासाठी केलेली सोय अशा रीतीने अर्ध्या शतकानंतर खानदेशी व्यंजनाच्या वाट्याला आली.

प्रमाणकाने ह्यावर उपाय केलेला नाही असे नव्हे. रुंद अक्षराचा प्रकार १९८९ पासूनच भाषेत आहे; १९९५ च्या पुरवणीने त्याला वाचन-लेखनाची व वर्गीकरणाची फलने मिळाली; १९९९ च्या प्रमाणकाने चलांच्या नावांत देवनागरीही मान्य केली, त्यामुळे वरील ओळीतील ‘वर्ण’ हे नाव तेव्हापासून नियमबाह्य राहिलेले नाही; आणि २०११ मध्ये बत्तीस बिटांचा अक्षरप्रकार आला. प्रोग्रॅमच्या प्रारंभी स्थानिक भाषाव्यवस्था लागू करून, मजकूर रुंद अक्षरांत वाचून, स्थिरांकाच्या आधी रुंदत्वदर्शक खूण लावली, की ही ओळ अखेर जे म्हणते तेच करते. २३५५ असेल तर २३५१, नसेल तर तसेच.

येथपर्यंतचा दोष यंत्राचा, फार तर भाषेच्या वारशाचा म्हणता येईल. पण ओळ नीट चालू लागल्यावर दुसऱ्या जातीचे दोष दिसू लागतात, आणि संशोधनाच्या दृष्टीने खरे तेच महत्त्वाचे. त्यांतला साधा दोष अनुक्रमाचा. दोन वर्णांपैकी आधीचा कोणता हे ठरविण्यासाठी विद्यार्थी सहजच कंडिशनल ऑपरेटर वापरतो : पहिला दुसऱ्यापेक्षा लहान असेल तर पहिला, नाहीतर दुसरा. इस्कीत व यूनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगत, म्हणजे ‘व’च्या आधी बसविला आहे. मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. सबब ‘ळ’ आणि ‘व’ ह्यांत आधीचा कोणता ह्या प्रश्नास यंत्र एक उत्तर देते आणि मराठी बालबोध पुस्तक दुसरे. गावांची किंवा आडनावांची सूची करताना हा फरक लगेच उघडा पडतो.

दुसरा दोष अधिक खोल आहे. ‘ळ’चा ‘य’ करणारी अट उलटवून ‘य’चा ‘ळ’ करता येत नाही. बोलीतला ‘माय’ हा शब्द आई ह्या अर्थी असेल, किंवा तो ‘माळ’चे बोलीरूप असेल. ‘काया’ म्हणजे देह, किंवा ‘काळा’. पहिल्या दिशेस अटीचे उत्तर त्या एका वर्णातच होते. उलट्या दिशेस ते वर्णात नाही, शब्दात आहे, आणि पुष्कळदा शब्दातही नसून वाक्यात आहे. बोलीतील गाण्यांचे वा कथांचे प्रमाण मराठीत शोधता येईल असे सूचीकरण करावयाचे असेल, तर वर्णावर लावलेली अट सर्व ‘य’ ‘ळ’ करून आईला माळ बनवील, किंवा काहीच न करता बोलीतल्या माळेला आई समजेल. शब्दसंग्रहाचा आधार घेतल्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्या दिशेचा नियमही सर्व गावांत व सर्व शब्दांत सारखा लागतो असे धरून चालणे धोक्याचे आहे. नियम लावून निघालेले ‘जयगाव’ आणि ‘धुये’ हे यंत्राचे उत्पादन असते, बोलीची नोंद नव्हे, आणि संग्रहात दोहोंची गल्लत झाली तर पुढच्या अभ्यासकाला ती सोडविता येणार नाही.

धुळ्यातील संशोधनसंस्थांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी एक पायरी पुढे जातो. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले, आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देव ह्यांच्या परिश्रमांतून उभ्या राहिलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरातील रामदासी हस्तलिखिते हा ह्याच नगरातील दुसरा ठेवा. राजवाडे ह्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या खंडांतील कागदपत्रे मुख्यत्वे मोडीतील. वाचकाला मिळाली ती देवनागरीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकाराला व उकाराला व्यवहारात एकच खूण चाले आणि शब्दांमध्ये जागा सोडण्याची चाल नव्हती. लिप्यंतर करणाऱ्याला प्रत्येक इकारापाशी अट घालावी लागे, आणि तिचे उत्तर त्या खुणेत नसून त्याच्या मराठीच्या ज्ञानात असे. छापील खंडातील प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ हा संपादकाचा निर्णय आहे. मूळ कागद त्याची साक्ष देत नाही.

मोडीला यूनिकोडच्या सातव्या आवृत्तीत, २०१४ च्या जूनमध्ये, स्वतंत्र विभाग मिळाला. तो ७१,१६८ पासून सुरू होतो, म्हणजे सोळा बिटांच्या ६५,५३५ ह्या मर्यादेच्या पलीकडे. यूटीएफ-८ मध्ये मोडीचा प्रत्येक वर्ण चार बाइटांचा होतो. विंडोजवर सीचे रुंद अक्षर सोळा बिटांचे असल्यामुळे तेथे मोडीतील एकच वर्ण दोन तुकड्यांत मोडतो, आणि त्यावर एका वर्णाची अट पुन्हा खोटी ठरते. लिनक्सवर ते बत्तीस बिटांचे असल्याने तीच अट खरी ठरते. देवनागरी ‘ळ’साठी दोन्हीकडे बरोबर चालणारा प्रोग्रॅम मोडीतल्या ‘ळ’साठी एकीकडे चालतो आणि दुसरीकडे चालत नाही.